तृणोपासक फादर ब्लॅटर

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीने वैतरणा नदी ओलांडली, की थोड्याच वेळात पालघर येते आणि त्यापुढे बोईसर. पावसाळ्यात या प्रदेशाची शोभा काही निराळीच असते. रुळांच्या दोन्ही बाजूंस भाताची खाचरे असतात. पूर्वेकडे टेकड्या व माळ, तर पश्चिमेकडे तारापूरच्या किनाऱ्यालगतची खाजणे पसरलेली असतात. आज बोईसरला कारखान्यांची गर्दी झाली आहे आणि तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ सालापासून वीज निर्माण करीत आहे. तरीही पहिला पाऊस पडला, की कारखान्यांच्या भिंतींच्या पायथ्याशीही हिरवे कोंब डोके वर काढतात. जिकडे पाहावे तिकडे गवतच गवत!

या साऱ्यास आपण ‘गवत’ हे एकच नाव देऊन मोकळे होतो. परंतु या भागातील कष्टकऱ्यांच्या जीवनात गवताला केवढे मोल होते! गवतकापणीची योग्य मजुरी मिळावी म्हणून १९४५ साली येथील वारली मजुरांनी संप केला होता. ज्या गवतावर गुरे जगतात आणि माणसांची चूल पेटते, त्याच्या जाती किती, त्यांतील देशी कोणत्या व परक्या कोणत्या, हे कोणी तरी शोधावयास नको काय? हे काम ज्यांनी आपल्या आयुष्याचे एक व्रत मानले, त्या फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांची ही कथा आहे.

ब्लॅटर यांचा जन्म १५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंड या डोंगराळ देशात झाला. तरुणपणीच त्यांनी येशूसंघात प्रवेश करून धर्मसेवेची दीक्षा घेतली. १९०३ साली ते मुंबईस आले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. देश नवा, हवा नवी आणि झाडेझुडपेही नवी. परंतु केवळ पुस्तकातून शिकवणे त्यांना मान्य नव्हते. ते खाड्यांच्या चिखलात उतरत, घाट चढत, रानोमाळ हिंडत. मुंबई इलाख्यातील तिवरांविषयीचा त्यांचा लेख १९०५ सालीच प्रसिद्ध झाला.

पुढे धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते काही वर्षे युरोपात राहिले व १९१५ साली मुंबईस परतले. तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. कॉलेजातील जर्मन धर्मगुरूंवर भारत सोडण्याची पाळी आली. ब्लॅटर हे स्विस होते. ते मागे राहिले. अशा कठीण काळानंतर, १९१९ साली, कॉलेजच्या प्राचार्यपदाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली आणि ती त्यांनी १९२४ सालापर्यंत वाहिली.

इतका व्याप असूनही त्यांची भ्रमंती थांबली नाही. राजस्थानच्या वाळवंटातील वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. काश्मीरची फुले, भारत व सिंहलद्वीप येथील ताडमाड यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. परंतु फुलांचे आणि माडांचे कौतुक कोणीही करील. पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या गवताकडे वाकून पाहणारा विरळा!

गवत ओळखणे हे मोठे चिकाटीचे काम आहे. गवताला रंगीत पाकळ्या नसतात, बहुधा सुगंधही नसतो. लांबून पाहिले तर सारी पाती सारखीच दिसतात. मग ओळखावे कसे? प्रथम खोड पाहावे. गवताचे खोड बहुधा गोल असते आणि त्यावर उसाप्रमाणे पेरे असतात. बहुतेक लव्हाळ्यांचे खोड मात्र तीन धारांचे व भरीव असते. म्हणून लव्हाळा गवतासारखा दिसला, तरी तो गवत नव्हे. नंतर पान पाहावे. गवताच्या पानाचा खालचा भाग तलवारीच्या म्यानाप्रमाणे खोडास वेढून असतो. म्यान व पाते जेथे मिळतात, तेथे आतल्या बाजूस बहुधा एक इवलासा पापुद्रा किंवा केसांची झालर असते. तिला गवताची जीभ म्हणतात. भाताच्या खाचरात एक तण हुबेहूब भातासारखे वाढते. भाताच्या रोपास ही जीभ असते, त्या तणास ती मुळीच नसते. एवढी बारीक खूण ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून बेणणी करताना भाताचे रोप उपटले जाणार नाही.

शेवटी तुरा पाहावा आणि भिंगाखाली त्यातील एकेक दाणा न्याहाळावा. मारवेल गवताच्या पेरांवर केसांचे कडे असते. ते गुरांचे आवडते खाद्य आहे. कुसळी गवताच्या दाण्यास लांब कुसळ असते. ओल लागली की ते पीळ सोडते आणि दाण्यास जमिनीत रोवते. आपल्या कपड्यांना चिकटून टोचते ते हेच कुसळ. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा म्हणजे हरळी, तीही गवतच. भात, ज्वारी, नाचणी, ऊस आणि बांबू हेसुद्धा त्याच कुळातील आहेत. उलट गाजरगवत हे नावापुरतेच गवत आहे. ते अमेरिकेतून आलेले, सूर्यफुलाच्या कुळातील एक तण आहे. नावावर विसंबून चालत नाही, ते यामुळेच.

हे सारे ज्ञान टिकावे कसे? त्यासाठी वनस्पती मुळासकट काढून, कागदात दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली स्थळ, तारीख व गोळा करणाराचे नाव लिहितात. अशा नमुन्यांच्या संग्रहाचा ब्लॅटर यांनी कॉलेजात पाया घातला. आफ्रिकेतील गिनी गवत व हत्ती गवत चाऱ्यासाठी आपल्याकडे आणले गेले आणि पुढे शेताबाहेरही वाढू लागले. एखादे गवत येथे पूर्वीपासून होते की नंतर आले, याचा निवाडा करताना जुन्या संग्रहातील कागद साक्षीदाराप्रमाणे उपयोगी पडतात.

मुंबई इलाख्यातील साऱ्या गवतांचे एका ग्रंथात वर्णन करावे, असे ब्लॅटर यांनी ठरवले. त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेला पालघरचा प्रदेशही त्या इलाख्यातच मोडत होता. या कामी भारतातच जन्मलेले निसर्गतज्ज्ञ चार्ल्स मॅककॅन हे त्यांचे सहकारी होते. गवताच्या अवयवांची सूक्ष्म चित्रे आर. के. भिडे यांची होती. या मराठी माणसाचे नाव पुढे गवताच्या एका प्रजातीस देण्यात आले. ‘भिडिया’ हे तिचे शास्त्रीय नाव आहे.

१९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने वनस्पतिशास्त्रातील कार्याबद्दल ब्रूल स्मृतिपदक देऊन ब्लॅटर यांचा गौरव केला. त्या पदकाचे ते पहिलेच मानकरी होते. परंतु गवतांचा ग्रंथ छापून हाती येण्याआधीच, २६ मे १९३४ रोजी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना सत्तावन्नावे वर्ष चालू होते. ‘बॉम्बे ग्रासेस’ हा तो ग्रंथ दुसऱ्याच वर्षी, १९३५ साली, प्रसिद्ध झाला. ज्याने बी पेरले, त्याला पीक पाहावयास मिळाले नाही.

पण ते पीक वाया गेले नाही. त्यांच्या पश्चात कॉलेजातील संग्रहास ‘ब्लॅटर हर्बेरियम’ असे नाव देण्यात आले आणि आजही अभ्यासक तेथे आपला नमुना जुन्या नमुन्याशी ताडून पाहतात. दूरदेशीच्या एका माणसाने आपल्या पायाखालच्या गवताला ओळख मिळवून दिली. पुढच्या पावसाळ्यात शाळेच्या वाटेवर एखादी काडी हाती आली, तर ती फेकून देण्यापूर्वी क्षणभर थांबून तिची पेरे, तिची जीभ आणि तिचा तुरा आपण नीट पाहू या. त्या थोर तृणोपासकाचे यापेक्षा चांगले स्मरण ते कोणते?