मुर्डीचा मुलगा झाला रँग्लर, अन् शब्द पाळायला परत आला पुण्याला

दापोली : आपल्या दापोली तालुक्यातलं मुर्डी हे आंजर्ल्याजवळचं छोटं गाव. 16 फेब्रुवारी 1876 ला याच गावात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. पुढे सगळा देश त्यांना रँग्लर परांजपे म्हणून ओळखू लागला.

घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं गणितात भलतंच हुशार. ही हुशारी ओळखली ती नात्यातल्याच धोंडो केशव कर्वे यांनी, म्हणजे मुरुडच्या आपल्या महर्षी कर्व्यांनी. त्यांनी रघुनाथला शिकायला मुंबईत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिथून रघुनाथ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. 1885 मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज तेव्हा नवंच होतं. गोपाळ कृष्ण गोखले, कर्वे अशी माणसं तुटपुंज्या पगारावर तिथे शिकवत होती. ते बघूनच आपणही याच संस्थेत काम करायचं, असं या विद्यार्थ्याने ठरवून टाकलं.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि परांजपे इंग्लंडला केंब्रिजमध्ये गेले. तिथल्या गणिताच्या अवघड परीक्षेत वरच्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणतात, आणि पहिल्या येणाऱ्याला सीनियर रँग्लर. 1899 मध्ये परांजपे सीनियर रँग्लर झाले. हा मान आणखी एका विद्यार्थ्यासोबत विभागून मिळाला होता, पण तो मिळवणारे ते पहिलेच भारतीय. देशभर कौतुक झालं.

खरी कसोटी यानंतर होती. एवढ्या नावाच्या माणसाला सरकारी खात्यात मोठ्या पगाराची जागा सहज मिळाली असती. पण संस्थेला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. ते पुण्याला परत आले आणि 1902 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्या कॉलेजात बाकावर बसून शिकले, त्याच कॉलेजचा कारभार त्यांनी सुमारे वीस वर्षं सांभाळला. कारभार बघता बघता वर्गात गणितही शिकवलं.

कर्व्यांचे उपकारही ते विसरले नाहीत. 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू परांजपेच झाले. 1921 मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. पुढे लखनौ विद्यापीठाचं कुलगुरूपद आणि ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर हे पदही त्यांनी सांभाळलं. ऐंशी वर्षांचे झाल्यावर घरी बसायचं सोडून ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

देवाधर्माच्या बाबतीत मात्र ते पक्के बुद्धिवादी होते, नि ते त्यांनी कधी लपवलं नाही. समाजकार्यकर्त्या शकुंतला परांजपे या त्यांच्या कन्या, तर सिनेमा दिग्दर्शिका सई परांजपे ही नात.

6 मे 1966 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचं निधन झालं.

आज आपल्या गावातली पोरं शिकायला मुंबई-पुण्याला जातात, काही परदेशातही. जावंच. पण ज्या शाळेने, ज्या माणसांनी हात दिला त्यांच्यासाठी मागे वळून काहीतरी करता येतं, हे मुर्डीच्या या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलंय.