मंगल पांडे आणि काडतुसाचा कागद

१८५७ च्या उठावाची पहिली ठिणगी टाकणारे मंगल पांडे यांचा जन्म प्रचलित माहितीनुसार १९ जुलै १८२७ रोजी बलिया जिल्ह्यातील नगवा या गावी झाला. १८४९ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात दाखल झाले. कलकत्त्याजवळील बराकपूर छावणीतील ३४ व्या पलटणीत ते शिपाई होते.

याच काळात सैन्यात एनफिल्ड रायफल आली. तिचे काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. तीत दारू आणि शिशाची गोळी भरलेली असे. गोळी नळीत सहज उतरावी म्हणून गोळीकडील भागाला वंगण लावीत. दुसरे टोक दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे. या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही धर्मांच्या शिपायांना धर्म बुडण्याची भीती वाटू लागली. वंगण आपल्या पसंतीचे लावण्याची मुभा सरकारने दिली. परंतु तोवर संशय वंगणावरून काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला होता. २६ फेब्रुवारीला बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली.

२९ मार्च रोजी मंगल पांडे भरलेली बंदूक घेऊन संचलनाच्या मैदानावर उतरले व त्यांनी सहकाऱ्यांना उठावाचे आवाहन केले. लेफ्टनंट बॉ आणि सार्जंट-मेजर ह्यूसन यांना त्यांनी तलवारीने जखमी केले. शेख पलटू या शिपायाने त्यांना धरून ठेवले. जमादार ईश्वरीप्रसाद यांनी मात्र त्यांना अटक करण्यास नकार दिला. जनरल हिअर्सी येताच पांडे यांनी स्वतःच्या छातीवर गोळी झाडली, पण ते बचावले.

६ एप्रिलच्या लष्करी खटल्यात त्यांनी कोणाही साथीदाराचे नाव सांगितले नाही. १८ एप्रिलला ठरलेली फाशी दहा दिवस आधी, ८ एप्रिललाच देण्यात आली. २१ एप्रिलला ईश्वरीप्रसाद यांनाही फासावर चढविण्यात आले आणि ६ मे रोजी बराकपूरमधील पलटण बरखास्त झाली. चारच दिवसांनी, १० मे रोजी, मेरठ पेटले. तेथेही निमित्त काडतुसांचेच होते.

५ ऑक्टोबर १९८४ रोजी मंगल पांडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. कागदी काडतुसे केव्हाच इतिहासजमा झाली. चित्रकलेच्या जाड कागदाला मात्र आजही कार्ट्रिज पेपर हेच नाव आहे.