व्यवहारमयूखकार नीलकंठभट्ट

काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या दगडी पायऱ्या आज आपण पाहतो, त्या अठराव्या शतकात पेशवे बाळाजी बाजीराव यांनी बांधविल्या. त्यापूर्वी शंभर वर्षे तेथे एवढे भव्य बांधकाम नव्हते. परंतु तीर्थ म्हणून त्या स्थानाची ख्याती फार जुनी होती. महाराष्ट्रातून निघालेले यात्रेकरू महिनोन्‌महिने चालून येथे स्नानास येत. ते गंगाजल घेऊन परतत, पण येताना कित्येकदा आपल्या गावचे तंटेही बरोबर आणीत. दत्तकाचा हक्क, वडिलोपार्जित वाटणी, एखाद्या जातीचे अधिकार असे गावी न मिटलेले प्रश्न काशीच्या पंडितांपुढे मांडले जात. विश्वनाथ मंदिराच्या मुक्तिमंडपात सभा भरे, विचार होई आणि पंडितांच्या सह्यांनिशी निर्णयपत्र दिले जाई. महाराष्ट्रात गोतसभेच्या निवाडपत्राला जे स्थान होते, तेच या पत्राला विद्वानांच्या जगात होते.

या सभांत भट्ट घराण्याचा शब्द मोठा मानला जाई. हे घराणे मूळचे पैठणचे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामेश्वरभट्ट काशीस येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी काशी, प्रयाग व गया या तीन तीर्थांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. विश्वनाथाच्या मंदिराची त्या शतकाच्या अखेरीस जी पुनर्उभारणी झाली, तिच्याशीही त्यांचे नाव निगडित आहे. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट हे नामांकित मीमांसक होते. त्यांचेच पुत्र नीलकंठभट्ट. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकामुळे मराठी माणसाला परिचित असलेले गागाभट्ट हे नात्याने नीलकंठांच्या चुलतभावाचे पुत्र होत. गागाभट्टांचे नाव घरोघरी पोहोचले. नीलकंठांचे नाव मात्र वकिलांच्या कपाटात राहिले, आणि हा थोडा अन्यायच म्हणावा लागेल.

नीलकंठांचे लेखन सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. त्यांना घरातच पाठशाळा लाभली. तेथील मुख्य विद्या मीमांसा, म्हणजे वाक्याचा अर्थ कसा लावावा याचे शास्त्र. दोन वचने परस्परांविरुद्ध दिसली तर कोणते प्रमाण मानावे, कोणत्या शब्दाचा अर्थ किती ताणावा, याचे कडक नियम तीत आहेत. यमुना व चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील संस्थानिक भगवंतदेव यांच्या आश्रयाने त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा ग्रंथ लिहिला. ग्रंथ सूर्य ठरला, म्हणून त्याचे बारा भाग ‘मयूख’, अर्थात किरण झाले. संस्कार, श्राद्ध, दान, नीती, प्रायश्चित्त असे विषय त्यांत आहेत. त्यांपैकी ‘व्यवहारमयूख’ हा न्यायनिवाड्याचा भाग.

तंटा कसा चालवावा हे या भागात क्रमाने सांगितले आहे. आधी वादीने आपले म्हणणे मांडावे, मग प्रतिवादीने उत्तर द्यावे. उत्तराचे चार प्रकार आहेत: आरोप कबूल करणे, तो साफ नाकारणे, घडले ते खरे, पण कारण निराळे, असे सांगणे, आणि हा वाद पूर्वीच निकालात निघाला आहे, असे दाखविणे. त्यानंतर लेख, साक्षी व वहिवाट या पुराव्यांची छाननी होऊन निर्णय होतो. आजच्या दिवाणी न्यायालयात बसलेल्या माणसालाही ही वाट ओळखीची वाटेल.

नीलकंठांचे वेगळेपण मात्र प्रक्रियेपेक्षा निर्णयांत दिसते. ‘विश्वजित’ यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावयाचे असते; मग राजाने पृथ्वीही द्यावी काय? पृथ्वी राजाच्या मालकीची नाही, हा मीमांसेचा जुना सिद्धांत. नीलकंठांनी तो जिंकलेल्या प्रदेशाला लावला. विजयी राजाला पराभूत राजाची मालमत्ता व कर घेण्याचा अधिकार मिळतो. प्रजेची घरे व शेते प्रजेचीच राहतात. सैन्यांच्या वाटेत ज्यांची गावे येत, त्यांच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा खल नव्हता.

दत्तकाविषयी वडिलांचे मत पुढे नेऊन, विवाहित व पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शकतो असे त्यांनी लिहिले. ‘निर्णयसिंधु’चे कर्ते कमलाकरभट्ट हे त्यांचे सख्खे चुलतभाऊ, तरीही अनेक मुद्द्यांवर दोघांची मते जुळत नसत. नीलकंठ वर्णव्यवस्थेच्या चौकटीबाहेर गेले नाहीत, हेही खरे. तथापि बहिणीच्या वारशाबाबत त्यांनी जे केले ते त्या चौकटीतही धीट होते. निपुत्रिक माणसाच्या वारसांत ‘गोत्रज’ येतात. विवाहानंतर बहिणीचे गोत्र बदलते, म्हणून ती वगळली जाई. नीलकंठांनी शब्दच उकलून दाखविला: गोत्रज म्हणजे त्या गोत्रात जन्मलेला, आणि बहीण भावाच्याच गोत्रात जन्मलेली असते. आजीनंतर लगेच त्यांनी तिला स्थान दिले.

इंग्रजी अमदानीत हे पुस्तक न्यायालयात पोहोचले. 1827 मध्ये बोराडेल यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. 1880 मध्ये विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी दुसरा केला. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मतभेदाच्या प्रसंगी मिताक्षरेपेक्षा मयूखाला अग्रस्थान मिळाले. उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरेच्या खालोखाल त्याचा मान राहिला. विवाहिताच्या दत्तकाचे मत मुंबई इलाख्यात ग्राह्य धरले गेले. बहिणीच्या हक्काचा वाद तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1864 मध्ये तेथेही तो हक्क मान्य झाला. गंगेकाठी केलेल्या एका शब्दाच्या फोडीने मुंबईतील बहिणींना मालमत्ता मिळाली.

1926 मध्ये पांडुरंग वामन काणे यांनी व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते स्वतः मुंबईत वकिली करीत. पुढे 1963 मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वारशाचे जुने नियम बाजूला सारले. त्या कायद्याच्या अनुसूचीत, दुसऱ्या वर्गाच्या वारसांमध्ये, भाऊ आणि बहीण एकाच नोंदीत शेजारी शेजारी आहेत.