न दिसणाऱ्या रुग्णांचा हिशेब

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचे गोड सिरप बाजारात आले. मूळ औषध गुणकारी होते, पण ते विरघळवण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. हे रसायन मूत्रपिंडे निकामी करते. शंभरहून अधिक माणसे दगावली, त्यांत अनेक लहान मुले होती. सिरप विषारी आहे का, हे कोणी तपासले नव्हते आणि तपासण्याची कायद्याने सक्तीही नव्हती. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ती केली. नवे औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे बंधनकारक झाले.

त्याच १९३७ साली पंचविशीतला एक अर्थशास्त्रज्ञ डॉक्टर, दंतवैद्य आणि वकील किती कमावतात याची आकडेमोड करू लागला. त्याचे नाव मिल्टन फ्रीडमन. पुढे हाच माणूस औषधांवरील सरकारी नियंत्रणाचा सर्वांत नावाजलेला टीकाकार ठरला.

फ्रीडमन यांचा जन्म ३१ जुलै १९१२ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. आईवडील हंगेरीतून आलेले ज्यू स्थलांतरित. घरची परिस्थिती बेताची होती आणि मिल्टन पंधरा वर्षांचे असताना वडील गेले. शिष्यवृत्तीवर रटगर्सला आणि नंतर शिकागोला शिक्षण झाले. शिकागोतच भेटलेल्या रोझ डायरेक्टर यांच्याशी १९३८ मध्ये त्यांनी लग्न केले. त्यांच्या पुढच्या लिखाणात रोझ यांचा वाटा मोठा आहे.

व्यावसायिकांच्या मिळकतीचे ते काम त्यांनी सायमन कुझनेट्स यांच्यासोबत केले. डॉक्टरांची कमाई दंतवैद्यांपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने जास्त निघाली. डॉक्टरला शिकायला जास्त वर्षे लागतात, हे धरले तरी त्यातला निम्माच फरक समजत होता. उरलेल्याचे कारण, दोघांच्या मते, वैद्यकीय व्यवसायाने आपल्या दारात लावलेला अडसर हे होते. प्रवेश कमी, म्हणून डॉक्टर कमी आणि म्हणून फी जास्त. संशोधन संस्थेच्या एका संचालकांना हा निष्कर्ष मुळीच पटला नाही. वाद लांबला आणि पुस्तक निघायला १९४५ उजाडले.

मधल्या युद्धकाळातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. इंजिनाच्या पात्यांसाठी अधिक उष्णता सोसणारा मिश्रधातू हवा होता. फ्रीडमन यांनी उपलब्ध आकडेवारीवरून गणित मांडले आणि नवे मिश्रण जुन्यापेक्षा कितीतरी जास्त तास टिकेल असे भाकीत केले. प्रयोगशाळेत ते काही तासांतच तुटले. ही फजिती त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवली. कागदावर उत्तम दिसणारी गोष्ट प्रत्यक्ष चाचणीत नापास होते, हा धडा औषधांनाही तंतोतंत लागू आहे. तो त्यांनी तिथे तितकासा लावला नाही, हे मात्र खटकते.

१९६२ साल या कथेत दोनदा येते. थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीमुळे युरोपात व इतरत्र हजारो बाळे हातपाय अपुरे असलेली जन्मली. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनातील, म्हणजे एफडीएमधील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी परवानगी अडवून धरल्याने तो देश बराचसा वाचला. त्या धक्क्यातून ऑक्टोबरमध्ये नवा कायदा झाला. औषध सुरक्षित असणे आता पुरेसे नव्हते, ते गुणकारी असल्याचाही पुरावा हवा होता. त्याच वर्षी फ्रीडमन यांचे ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’ प्रसिद्ध झाले. सरकारने डॉक्टरांना परवाने देणेच थांबवावे, असे त्यात सुचवले होते. पदवीचे प्रमाणपत्र जरूर असावे, पण ते नसलेल्याला व्यवसाय करायला बंदी नको. कोणाकडे जायचे ते रुग्णाने ठरवावे, नावलौकिक जपणाऱ्या मोठ्या संस्था उभ्या राहतील आणि फसवणाऱ्याला न्यायालय पाहून घेईल. १९७८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जाऊन त्यांनी हेच डॉक्टरांच्या तोंडावर सांगितले.

औषधांबाबतचा त्यांचा मुद्दा अधिक टोकदार होता. १९७३ मध्ये अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी दाखवले की, नव्या कायद्यानंतर दरवर्षी येणाऱ्या नव्या औषधांची संख्या निम्म्याहून खाली आली. फ्रीडमन यांनी ‘न्यूजवीक’मधील आपल्या स्तंभातून हा विषय उचलला. एखाद्या अधिकाऱ्याने घातक औषध मंजूर केले, तर बळी सर्वांना दिसतात आणि त्याची नोकरी जाते. चांगले औषध पाच वर्षे अडवले, तर त्याअभावी मेलेल्यांच्या घरच्यांनाही कारण कळत नाही. म्हणून अधिकारी कायम उशिराच्याच बाजूने झुकतो. यात अधिकारी वाईट असण्याचा प्रश्नच नाही, त्यांच्या जागी कोणीही तसेच वागेल. प्रोप्रानोलॉल ब्रिटनमध्ये साठच्या दशकातच वापरात आले होते, अमेरिकेत उच्च रक्तदाबासाठी त्याला मंजुरी मिळायला १९७६ उजाडले. आणि थॅलिडोमाइड अडले ते जुन्या, सुरक्षिततेच्या कायद्यानेच, ही फ्रीडमन यांची आठवणही खरी होती.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. नव्या औषधांची घसरण १९६२ च्या आधीच सुरू झाली होती. शिवाय नव्या कायद्यानुसार जुनी औषधे तपासली गेली, तेव्हा सुमारे ३,४०० पैकी हजारांहून अधिक निरुपयोगी ठरली. डॉक्टर ती लिहून देत होते, रुग्ण पैसे मोजत होते आणि बाजाराने त्यांना बाहेर काढले नव्हते. गोळीने गुण आला की दुखणे आपोआप बरे झाले, हे एकट्या रुग्णाला किंवा एकट्या डॉक्टरला कळणे अवघडच असते.

नियंत्रणाच्या नुसत्या असण्याने भागत नाही, हे मुंबईने १९८६ मध्ये पाहिले. जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा वा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. चौदा रुग्ण दगावले. इथे कायदा होता, औषध प्रशासन होते, खरेदीचे नियमही होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने भ्रष्टाचार आणि बेपर्वाई यांवर बोट ठेवले. फ्रीडमन यांच्या चाहत्यांना यात सरकारी यंत्रणेचे अपयश दिसेल. पण ग्लिसरीनची बाटली हाती आलेला रुग्ण मोकळ्या बाजारात तरी काय निवडणार होता?

१९७६ चे नोबेल मिळालेल्या फ्रीडमन यांचे सल्ले रिपब्लिकन नेत्यांनी ऐकले, तरी औषधांच्या बाबतीत त्यांच्या मुद्द्याला बळ अनपेक्षित बाजूने मिळाले. ऑक्टोबर १९८८ मध्ये एड्सच्या रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी एफडीएच्या मुख्यालयाला घेराव घातला. उशिराने मरणारी माणसे प्रथमच स्वतः दारात उभी होती. त्यांना चाचण्या लवकर हव्या होत्या, त्या बंद करायच्या नव्हत्या. १९९२ मध्ये गंभीर आजारांच्या औषधांसाठी वेगवान मंजुरीची वाट खुली झाली.

१६ नोव्हेंबर २००६ रोजी, ९४ व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत हृदय बंद पडून फ्रीडमन यांचे निधन झाले. डॉक्टरांचा परवाना आणि १९६२ चा कायदा दोन्ही आजही कायम आहेत. २०१८ मध्ये मात्र अमेरिकेने एक फट उघडली. जिवावर बेतलेल्या आजाराच्या रुग्णाला, दुसरा उपाय उरला नसेल तर, पहिल्या टप्प्याची चाचणी पार केलेले औषध एफडीएला न विचारता घेता येते. कंपनीने ते दिलेच पाहिजे, अशी सक्ती त्यात नाही.