जनरल विल्यम बूथ

मुक्तिफौजेचे निशाण, बँड व गणवेश आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. ख्रिस्ती मंडळीत कॅप्टन आणि मेजर कोठून आले, असा प्रश्न संडे स्कूलची मुले हमखास विचारतात. तो प्रश्न पोरकट नाही. मुक्तिफौजेचे संस्थापक विल्यम बूथ यांनी पुढारीपणाची आपली रीत कोणाकोणापासून घेतली हे पाहिले, की त्याचे उत्तर मिळते.

बूथ यांचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजी इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे झाला. घरची स्थिती खालावली आणि तेराव्या वर्षी ते गहाणवट ठेवून घेणाऱ्या सावकाराकडे उमेदवारीस लागले. गरिबांच्या हातची शेवटची चीजवस्तू कशी जाते, हे त्यांनी तेथे रोज पाहिले. १८४४ साली मेथडिस्ट मंडळीत त्यांचा पालट झाला. पुढे दोन वर्षांनी जेम्स कॉही हे अमेरिकेतील सुवार्तिक त्या गावी आले. सभेची आगाऊ आखणी करावी, साध्या बोलीत बोलावे आणि ऐकणाऱ्याकडून तेथल्या तेथे निर्णय मागावा, हे तरुण बूथ त्यांच्याकडून शिकले.

दुसरा प्रभाव घरातलाच, पण तोही बाहेरच्या वाऱ्याने जागा झालेला. १८५९ साली फीबी पामर या अमेरिकन बाई उत्तर इंग्लंडात उपदेश करू लागल्या आणि एका पाळकांनी त्यांच्यावर टीका केली. बूथ यांच्या पत्नी कॅथरिन यांनी स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन करणारी पुस्तिका लिहिली व १८६० साली त्या स्वतः उपदेशास उभ्या राहिल्या. पुढे फौजेत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने अधिकारपदे मिळाली ती याच वाटेने.

१८६५ साली लंडनच्या पूर्व भागात बूथ यांचे मिशन सुरू झाले. त्याचा कारभार मेथडिस्ट रिवाजाप्रमाणे कॉन्फरन्स व कमिट्या चालवीत. कमिट्यांत वेळ कसा जातो हे आमच्या वाचकांना सांगायला नको! १८७७ साली तो कारभार मोडून सूत्रे बूथ यांनी एकट्याने हाती घेतली. त्या वेळी रशिया व तुर्कस्थान यांची लढाई चालू होती आणि इंग्लंडात युद्धाचीच बोलणी होती. १८७८ साली मिशनचे नाव साल्व्हेशन आर्मी झाले. ब्रिटिश लष्कराच्या हस्तपुस्तिकेचा आधार घेऊन नियम तयार झाले. त्याच वर्षीच्या दस्तऐवजाने जनरलला हयातभर अधिकार व आपला वारस नेमण्याचा हक्क दिला.

काम झपाट्याने वाढले. सप्टेंबर १८८२ मध्ये आय.सी.एस.ची नोकरी सोडलेले फ्रेडरिक टकर लहानशी तुकडी घेऊन मुंबईस उतरले. मिरवणुका काढल्याबद्दल येथे त्यांना अटक झाली. येथील लोकांत मिसळण्यासाठी ते भगवी वस्त्रे लेऊन अनवाणी हिंडत आणि फकीरसिंग हे नाव लावीत. इंग्रजी लष्कराच्या नमुन्यावर उभारलेल्या संस्थेला हे चालले, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

पण या रीतीची किंमतही पडली. १८९० साली कॅथरिन वारल्या. जनरल आपल्या लेकरांनाही हुकूमच देत आणि बदलीचा हुकूम मोडता येत नसे. १८९६ साली बॅलिंग्टन हा मुलगा फौज सोडून गेला. १९०२ साली हर्बर्ट व थोरली मुलगी कॅथरिन गेली. आमच्या मते येथे बाप हरला आणि सेनापती जिंकला, व त्या विजयात कोणालाच सुख नव्हते.

मोशेला शहाणपणाची गोष्ट सांगणारा इथ्रो मिद्यानी होता. बूथ यांना तसा मनुष्य १८९६ साली भेटला, ते माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन. जनरल नालायक ठरला तर त्याला दूर कोण करणार, असे त्यांनी विचारले. बूथ यांनी तो प्रश्न मनात ठेवला आणि १९०४ साली नव्या दस्तऐवजाने हाय कौन्सिलची तरतूद केली. २० ऑगस्ट १९१२ रोजी ते प्रभूकडे गेले. त्यांनी नेमल्याप्रमाणे थोरला मुलगा ब्रॅमवेल जनरल झाला. १९२९ साली तो आजारी असता हाय कौन्सिल प्रथमच भरले आणि बापाने केलेल्या त्याच तरतुदीने त्याला पदावरून दूर करण्यात आले.