दृष्टी गेली, गणित उरले

सातबारा उतारा आता शाईच्या सहीशिवायही चालतो, कारण त्यावर डिजिटल सही असते. बँकेचे संकेतस्थळ उघडताच ते खरेच त्या बँकेचे आहे का, हे मोबाइल क्षणात तपासतो. ओळख पटवण्याच्या यातील एका प्रमुख पद्धतीचा गणिती पाया लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात घातला. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांना जवळजवळ काहीच दिसत नव्हते.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तेच व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. नामवंत गणितज्ञ योहान बर्नुली यांनी मुलाची कुवत ओळखून वडिलांचे मन वळवले. रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत जागा मिळाली, ती मात्र शरीरक्रियाशास्त्राची. १७२७ मध्ये ते तिथे पोहोचले आणि लवकरच गणिताकडे वळले. पुढे धमन्यांतील रक्तप्रवाहाचे गणितही त्यांनी मांडले.

४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे, असा फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा अंदाज होता. तिला ६४१ ने भाग जातो, हे १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवले. ६४१ आणि ६७००४१७ यांचा गुणाकार शाळकरी मुलालाही जमतो. पण नुसते उत्तर हाती देऊन अवयव शोधायला सांगितले, तर मोठमोठे अडतात.

१७६३ मध्ये त्यांचा एक सिद्धान्त प्रसिद्ध झाला. ३ आणि ११ यांचा गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणले की २०. ज्या संख्येचा ३३ शी सामाईक अवयव नाही, तिचा विसावा घात करून ३३ ने भागल्यास बाकी नेहमी १ उरते. आता ३ आणि ७ घ्या. त्यांचा गुणाकार २१, म्हणजे वीस अधिक एक. २ चा सातवा घात १२८, त्याला ३३ ने भागून बाकी २९. २९ चा तिसरा घात करून ३३ ने भागा, बाकी पुन्हा २! सातने घातलेले कुलूप तीनने उघडते.

तोवर ऑयलर यांचा उजवा डोळा १७३८ च्या सुमारासच गेला होता. १७६६ मध्ये बर्लिनहून पीटर्सबर्गला परतल्यावर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रियेने थोडे दिवस दिसू लागले, पण डोळा चिघळला आणि दृष्टी गेली. निर्जंतुकीकरण माहीत नसलेला तो काळ होता. तरीही अफाट स्मरणशक्तीच्या जोरावर ते तोंडी सांगत आणि मुलगा व सहायक लिहून घेत. त्यांच्या लेखनाचा जवळपास निम्मा भाग या परतीनंतरचा आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशीही युरेनसच्या कक्षेची चर्चा सुरू होती.

दोनशे वर्षे या सिद्धान्ताचा व्यवहारात उपयोग दिसत नव्हता. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तो वापरात आणला. सातसारखी खासगी किल्ली मालकाकडे राहते, तीनसारखी जाहीर किल्ली सर्वांना मिळते. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते, गुपित न उघडता. प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या असते. तिचे अवयव शोधणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पण ती जाहीर किल्ली नेमकी कोणाची? ते प्रमाणन संस्था कागदपत्रे तपासून ठरवते आणि स्वतःच्या सहीने प्रमाणपत्र देते. भारतात या संस्थांना माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवाना घ्यावा लागतो.

गणित मात्र एवढेच सांगते की सही त्या किल्लीने झाली. किल्ली त्या वेळी कोणाच्या हातात होती, हे ते सांगू शकत नाही. म्हणून सहीचे टोकन आणि पिन कार्यालयातल्या विश्वासू माणसाकडेही देऊन ठेवू नये.