भिंती नाकारणारी मेरी

आपल्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणायची सवय आहे. गल्लीतल्या दोन खोल्यांच्या शाळेलाही पाटीवर कॉन्व्हेंट हवंच असतं! मूळ शब्द ननांच्या मठाचा. आणि मुलींना शिकवायचं तर मठाच्या भिंती नकोत, असा हट्ट धरणारी एक नन चारशे वर्षांपूर्वी होऊन गेली. तिचं नाव मेरी वॉर्ड.

तिचा जन्म १५८५ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. तेव्हा तिथे कॅथलिक धर्म पाळणं हा गुन्हा होता. मेरीच्या आजीने त्यापायी कित्येक वर्षं तुरुंगात काढली. मेरी १६०६ मध्ये समुद्र ओलांडून सेंट ओमेरला गेली, मठात शिरली, पण तिथे रमली नाही. मग १६०९ मध्ये काही मैत्रिणी जमवून तिने त्याच गावात स्वतःचं काम सुरू केलं. मुलींची शाळा. नुसतं शिवणटिपण नाही, तर चक्क लॅटिनसुद्धा. लॅटिन ही त्या काळी विद्वानांची, म्हणजे अर्थातच पुरुषांची भाषा.

अडचण वेगळीच होती. ननांनी मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम चर्चने १५६६ मध्ये पुन्हा कडक केला होता. मेरीचं म्हणणं साधं होतं. जेझुइट पाद्री गावोगाव फिरून शिकवतात, तसंच आम्हीही शिकवू आणि आमची प्रमुख बाईच असेल. झालं! लोकांनी या बायकांना उंडारणाऱ्या पोरी ठरवलं. परवानगी मागायला मेरी आल्प्स ओलांडून पायी रोमला निघाली. तब्येत तशी नाजूकच, तरी दोन महिने चालून १६२१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती पोचली. परवानगी काही मिळाली नाही. तरी रोम, नेपल्स, म्युनिक, व्हिएन्ना इथे शाळा निघत राहिल्या.

पोप आठवे अर्बन यांनी १६३१ मध्ये संस्थाच बरखास्त केली. मेरीला पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठात डांबलं. तिथून ती सामानाच्या कागदांवर लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिही. कागद विस्तवाजवळ धरला, की अक्षरं उमटत. आजार मरणाच्या दारापर्यंत गेला, तेव्हा अंतिम संस्कारांच्या बदल्यात तिच्याकडे पश्चात्तापाच्या कागदावर सही मागितली गेली. तिने नाही म्हटलं. श्रद्धाळू बाईसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, याचा विचार करा. सुदैवाने ती वाचली, सुटली, पाखंडाचा आरोपही गेला. पण शाळा बहुतेक बंदच झाल्या होत्या. यॉर्कजवळ १६४५ मध्ये ती वारली.

काही जणी मात्र चिकाटीने टिकून राहिल्या. १६८६ मध्ये यॉर्कला त्यांचा बार कॉन्व्हेंट उभा राहिला. तिथेच शिकलेल्या तेरेसा बॉल यांनी हे काम आयर्लंडला नेलं, ‘लोरेटो’ या नावाने. १८४१ च्या डिसेंबरात लोरेटोच्या नन कोलकात्यात उतरल्या.

यातली खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. १७४९ मध्ये चर्चने संस्थेला काम करू दिलं, पण मेरीला संस्थापक म्हणायची बंदी घातली. ती उठली १९०९ मध्ये. म्हणजे तिच्याच शाळांत दीडशेहून जास्त वर्षं तिचं नाव अधिकृतपणे घेता येत नव्हतं.

आणि ज्या भिंतींपायी हे सगळं रामायण घडलं, त्या पुढे लोरेटोच्या ननांभोवतीही आल्याच. म्हणून तर १९४८ मध्ये कोलकात्याच्या एंटाली भागातल्या एका लोरेटो शिक्षिकेला गरिबांच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी खास परवानगी काढावी लागली. त्या मदर तेरेसा. त्याच शहरात सियालदहच्या लोरेटो शाळेने १९८५ पासून रस्त्यावरच्या मुलींना आत घेतलं, आणि त्यांना शिकवायला बसवलं ते शाळेतल्याच मुलींना.